रात्रीचा दिवस कशासाठी?

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दोन वाजता एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘किती झालं?’ कुणी सांगतं तीन युनिट, कुणी रडका इमोजी टाकतं, कुणी चहाच्या कपाचा फोटो. चारच्या सुमारास आणखी एक मेसेज येतो, ‘भावा, अजून जागाच आहे.’ त्याला पटापट बदाम पडतात. जो अकरालाच झोपला तो सकाळी उठून हे सगळं वाचतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. आपणच मागे पडलो, असं त्याला वाटतं. खरं तर त्या रात्री शहाणपणाचं काम त्यानेच केलेलं असतं. पण त्याला बदाम मिळत नाहीत.

दोष एकट्या ग्रुपचा नाही. आपली भाषाच बघा. कष्टाळू माणसाचं कौतुक करायचं तर आपण म्हणतो, त्याने रात्रीचा दिवस केला. आळशाला म्हणतो, झोपा काढतोय. जास्त झोपणारा कुंभकर्ण ठरतो आणि झोप जिंकणारा अर्जुन गुडाकेश. विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणारं जुनं सुभाषित घरोघरी ऐकवलं जातं, त्यातही श्वाननिद्रा आहेच, म्हणजे कुत्र्यासारखी सावध झोप. आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने अनेक कॉलेजांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो एका दिवसाचा अभिवादनाचा सोहळा आहे, सेमिस्टरचं टाइमटेबल नव्हे, हे मात्र आपण विसरतो. दुसऱ्या बाजूला चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे उपस्तंभ म्हटलं आहे. ते काही आपल्याला कुणी पाठ करायला लावलं नाही.

म्हणून आज थोडं उलट बोलू या. अभ्यास उरकल्यावर वेळ उरलाच तर घ्यायची, अशी झोप ही गोष्ट नाही. ती अभ्यासाचाच अर्धा भाग आहे. पहिला अर्धा पुस्तकासमोर होतो, दुसरा अंथरुणात. दुसरा गाळलात तर पहिल्यासाठी उपसलेले कष्टही पुरते पदरात पडत नाहीत.

वाचलेलं मुरतं कधी?

ही समजूत घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी पाठांतरानंतर ते झोपले, कधी जागे राहून दिवसभराची कामं करत राहिले. मग काही तासांनी किती आठवतंय ते तपासलं. झोपेनंतर त्यांना जास्त आठवत होतं. माणसं दोनच होती, पण पुढच्या शंभर वर्षांत हाच मुद्दा कितीतरी मोठ्या आणि काटेकोर प्रयोगांतून पुन्हा पुन्हा पुढे आला. दिवसा मेंदूने घाईघाईत टिपून ठेवलेलं रात्री नीट लावलं जातं आणि पक्कं होतं.

रात्रीची झोप सगळी एकसारखी नसते. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा चार-पाच फेऱ्या रात्रभरात होतात. पहिल्या फेऱ्यांमध्ये गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. पहाटेकडच्या फेऱ्यांमध्ये डोळे बंद पापण्यांखाली वेगाने हलतात आणि स्वप्नं पडतात, त्या झोपेचा वाटा वाढतो. दोन्हींची कामं वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात. तुम्ही तीनला झोपून सातला उठता तेव्हा झोपेचे चार तास सरसकट कमी होत नाहीत, स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटाही त्यात बुडतो.

२०१९ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी एका केमिस्ट्रीच्या वर्गातल्या जवळपास शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे बांधले आणि सेमिस्टरभराची झोप त्यांच्या मार्कांशी ताडून पाहिली. परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा आणि मार्कांचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो त्याआधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा. ज्यांची झोप पुरेशी, चांगली आणि रोज साधारण सारखी होती, त्यांचे मार्क चांगले होते. झोपेमुळेच मार्क वाढले, असं अशा एका पाहणीवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण महिनाभर जागून आदल्या रात्री दहाला झोपायचं, हा हिशेब जुळत नाही, एवढं त्यातून कळतं. आणि एक दिलासाही मिळतो. आदल्या रात्री टेन्शनमुळे झोप नीट लागली नाही, म्हणून पेपर गेलाच असं समजायचं कारण नाही.

‘मला पाच तास पुरतात’

हे वाक्य प्रत्येक हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ऐकू येतं. म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. घोळ नेमका तिथेच आहे. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांचे गट करून त्यांना चौदा दिवस रोज ठरावीक तासच झोपू दिलं. कुणाला आठ, कुणाला सहा, कुणाला चार. आठ तासवाले ठीक राहिले. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांचं लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस घसरत गेलं. दोन आठवड्यांनी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला आलं होतं. पण किती पेंगुळल्यासारखं वाटतंय असं विचारलं, तर त्यांचं उत्तर तेवढं बदलत नव्हतं. म्हणजे गाडी घसरत होती आणि ड्रायव्हरला रस्ता सपाट वाटत होता. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप लागते. कुणाला सात पुरतात, कुणाला नऊ लागतात. कमी झोपेवर निभावणारी माणसं असतात, पण फारच थोडी. ती सगळी तुमच्याच मजल्यावर राहत असण्याची शक्यता कमी.

यात मार्कांपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलेलं आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरणाची तुलना दारूशी केली. सलग सतरा तास जागं राहिल्यावर हात आणि डोळे यांचा मेळ जेवढा बिघडतो, तेवढाच तो १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना बिघडतो, असं त्यांना आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी सातला उठलेल्याचे सतरा तास रात्री बारालाच भरतात. रात्रभर जागून सकाळी बाइकवर डबलसीट पेपरला निघणारे स्वतःला सावध समजतात. झोपेची डुलकी मात्र विचारून येत नाही. जागरण झालंच असेल तर त्या दिवशी गाडीला हात लावू नका. बस आहे, रिक्षा आहे, झोप झालेल्या मित्राची मागची सीट आहे.

झोपायचं आहे, पण झोप येत नाही

इथवर वाचून काही जण वैतागले असतील. ‘आम्हाला काय हौस आहे जागायची? आम्ही अकराला आडवे होतो. डोळ्याला डोळाच लागत नाही, त्याचं काय?’ वैताग रास्त आहे. न झोपणारे वेगळे आणि झोप न येणारे वेगळे. दुसऱ्यांना ‘लवकर झोपत जा’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला ‘गार हो’ म्हणण्यासारखं आहे.

टेन्शनमध्ये शरीर पहाऱ्यावर असतं. छाती धडधडते, अंग ताठ राहतं, डोकं पुढच्या संकटांची उजळणी करत बसतं. दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल, प्रवास, मोबाइल यांच्या गडबडीत जे विचार दबलेले असतात त्यांना पहिली निवांत जागा उशीवर मिळते. राहिलेली जर्नल्स, केटी लागली तर घरी काय सांगायचं, फीचा हप्ता, प्लेसमेंट, दोन वर्षं एमपीएससी करून हाती काय लागलं, सगळे एकदम हजेरी लावतात. मग झोप येत नाही याचंच टेन्शन येतं. ‘आता झोपलो तर सहा तास, आता झोपलो तर पाच’ असा उलटा मोजणीचा खेळ सुरू होतो. थोड्या दिवसांत अंथरूण बघितलं तरी धडकी भरते.

यावर उपाय आहेत, आणि ते फुकट आहेत. एकदम सगळे करायला जाऊ नका, दोन निवडा आणि दोन आठवडे धरून ठेवा.

पहिला उपाय कागदाचा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्या आणि परवा काय काय करायचं आहे ते हाताने लिहून काढा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या प्रयोगात काही तरुणांनी करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊएक मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. म्हणजे ‘मॅथ्स करायचं’ असं मोघम लिहू नका. ‘सकाळी नऊला लाप्लासची पाच गणितं, अकराला सरांची जर्नलवर सही’ असं लिहा. कागदावर उतरलेलं काम डोक्याला रात्रभर धरून ठेवावं लागत नाही.

दुसरा उपाय अंथरुणाचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये तो मांडला आणि झोपेचे डॉक्टर आजही तो सांगतात. अंथरूण फक्त झोपण्यासाठी. तिथे वाचन नाही, रील्स नाहीत, जेवणही नाही. डोळे जड झाले की मगच आडवं व्हायचं. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, कपड्यांच्या घड्या घाला, जुनं मासिक चाळा, आणि झोप आली की परत यायचं. ती वीस मिनिटं घड्याळात बघून मोजायची नाहीत, अंदाजाने. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवलेलंच बरं. सुरुवातीच्या दोन-चार रात्री जड जातात, कारण उबेतून उठणं नको वाटतं. पण अंथरूण म्हणजे तळमळ, ही मेंदूला लागलेली सवय अशीच मोडते. खोलीत कॉट हीच एक जागा असेल तर निदान दिशा बदला. अभ्यासाला कॉटच्या पायथ्याशी बसा, उशी गुंडाळून ठेवा, झोपतानाच ती उलगडा.

तिसरा उपाय सकाळचा, आणि सगळ्यांत जास्त गुण देणारा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून रोज एकाच वेळी उठा, रात्र कशीही गेली असो, रविवार असो. आपल्या पेशींमध्ये चोवीस तासांचं घड्याळ चालतं. ते कसं चालतं याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे घड्याळ सकाळच्या उजेडावर जुळतं. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गच्चीत, गॅलरीत नाहीतर मेसपर्यंत चालत, उजेडात घालवा. रविवारी दुपारी बारापर्यंत लोळलात तर रविवारी रात्री झोप येणार नाही आणि सोमवारचं लेक्चर पेंगण्यात जाईल. हा अनुभव तुम्हाला आहेच, त्यामागचं कारण हे.

चौथा उपाय चहाचा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफिन त्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. दाब तसाच असतो, तुम्हाला फक्त तो कळत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला टपरीवर मारलेली स्ट्राँग कॉफी पहाटे तीनलाही अर्धी तुमच्यात असते. एनर्जी ड्रिंकचंही तेच. म्हणून दुपारी तीन-चारनंतर बंद. टपरीवर जाऊ नका असं कुणी म्हणत नाही. गप्पा मारा, फक्त ग्लासात दुसरं काहीतरी घ्या.

दुपारी डोळे मिटायला लागले तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी खुशाल घ्या, तीन वाजायच्या आत. लायब्ररीच्या टेबलावर डोकं ठेवून घेतली तरी चालते. दोन तास ताणून दिलीत तर तीच झोप रात्रीच्या खात्यातून वजा होते.

राहिला मोबाइल. पडद्याच्या उजेडाने झोप लांबते हे खरं आहे, पण स्क्रीन पिवळी केली म्हणून सुटका होत नाही. त्याहून जास्त जागं ठेवतं ते पडद्यावरचं. कुणाची इंटर्नशिप लागली, कुणाचं पॅकेज किती, ‘सीन’ करूनही उत्तर का आलं नाही. रात्री बाराला या प्रश्नांचं आपण काहीच करू शकत नसतो. चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा आणि मोबाइल तिथे ठेवा. अलार्म बंद करायला उठून जावं लागेल, हा वरचा फायदा.

चौघांच्या खोलीत झोपणार कसं?

झोपेवरचे सल्ले वाचताना एक गोष्ट खटकते. त्यातल्या प्रत्येकाला स्वतःची खोली, गादी आणि खिडकीला पडदा असतो. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्याच्या वाट्याला तीन फूट रुंदीची कॉट येते. एक रूममेट पहाटे चारला अभ्यासाला उठतो, दुसरा बीपीओतून तेव्हाच परततो. कसारा, कर्जत किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्याची सकाळ पहिल्या-दुसऱ्या लोकलवर ठरते. चाळीतल्या एका खोलीत टीव्ही बंद होईपर्यंत अंथरूणच पडत नाही. अनेक मुलींना कॉलेजला निघण्याआधी घरचं आवरायचं असतं आणि आल्यावर पुन्हा तेच. त्यांची झोप मोबाइल खात नाही, पाण्याची वेळ आणि भाकऱ्या खातात. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण दमलेल्या माणसासाठी ठीक आहे. टेन्शनने पोखरलेल्या डोक्याला धोंड्यावर झोप येत नाही.

म्हणून खोलीतल्यांनी एकदा बसून बोलायला हवं. ते भांडणाच्या वेळी नको, रविवारी नाश्त्याच्या वेळी. ट्यूबलाइट किती वाजता बंद, त्यानंतर टेबललॅम्प कुणाच्या बाजूला, फोनवर बोलायचं तर जिन्यात, अलार्म एकदाच वाजणार आणि ज्याचा असेल त्याने लगेच बंद करायचा. एका कागदावर चार ओळी लिहून दाराला लावा. डोळ्यांवर ओढणी किंवा रुमाल, कानात मेडिकलमध्ये मिळणारे इअरप्लग, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. घरी असाल तर परीक्षेच्या महिन्यापुरता टीव्हीचा आवाज आणि कामांची वाटणी यावर आईबाबांशी बोला. भावाला वगळून फक्त तुमच्याकडे कामं येत असतील तर तेही बोला.

खोलीबाहेरच्या आवाजाचं काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, बस्स. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झोपेला माणसाचा मूलभूत अधिकार म्हटलं, जगण्याच्या हक्काचाच भाग. तेव्हा अकरानंतर वाजणाऱ्या डीजेबद्दल ११२ वर तक्रार करणं हा आगाऊपणा नव्हे. ज्या मंडळात तुम्ही स्वतः कार्यकर्ते आहात तिथे दहाला आवाज बंद करायला लावणं, हे तर त्याहून सोपं.

कॉलेजांनाही दोन गोष्टी

सगळं ओझं विद्यार्थ्याच्या उशीवर टाकून चालणार नाही. सेमिस्टरभर निवांत आणि शेवटच्या आठवड्यात पाच विषयांची सबमिशन, तीन व्हायवा आणि एक प्रोजेक्ट, हे वेळापत्रक जागरणासाठीच आखल्यासारखं आहे. ऑनलाइन असाइनमेंटची मुदत रात्री ११.५९ ठेवली की मुलं ११.५८ पर्यंत जागणारच, आणि पुढची झोप एकच्या पुढे जाणार. तीच मुदत संध्याकाळी पाचची ठेवायला एक पैसाही लागत नाही. विषयांच्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला एकत्र बसून तारखा विभागून घेतल्या, तरी अर्ध्या नाइट वाचतील.

दुसरी गोष्ट वेळेची. माणसाचं शरीराचं घड्याळ वयात आल्यावर उशिराकडे सरकतं आणि विशीच्या आसपास ते सगळ्यांत उशिरावर असतं. युरोपातल्या हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासून टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे मांडलं. विशीतल्या मुलांना रात्री लवकर झोप न येणं हा सगळाच नखरा नसतो. सकाळी सातला पहिलं लेक्चर ठेवणाऱ्या कॉलेजांनी निदान अवघड विषय तरी त्या वेळेला ठेवू नये. वर्गप्रतिनिधी, विद्यार्थी परिषद यांनी डेजच्या परवानगीसाठी जेवढ्या चकरा मारल्या, त्यातली एक या मागणीसाठी मारावी. निवेदन एका पानाचं पुरे. मुदत पाचची करा, तारखा विभागा, परीक्षेच्या काळात हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर शांतता पाळा.

कधी विचारायचं?

टेन्शनने दोन-चार रात्री झोप उडणं हे आजारपण नाही, पेपर संपले की घडी बसते. पण आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मध्येच तुटते, आणि असं दोन-तीन आठवडे चाललंय, दिवसाचं काम बिघडतंय, तर थांबून राहू नका. कॉलेजचे समुपदेशक, डॉक्टर, कुणाशी तरी बोला. मेडिकलमधून मनाने झोपेची गोळी आणू नका, मित्राची तर नकोच. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नसतो. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची भीती बदलणारी एक ठरावीक उपचारपद्धती आहे, ती आधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या प्रमुख संघटनेने २०१६ मध्ये केली. वर सांगितलेले अंथरुणाचे आणि उठायच्या वेळेचे नियम त्याच पद्धतीतले आहेत.

कधी कधी झोप न येणं हे वरवरचं लक्षण असतं आणि खाली उदासी असते. कशातच रस वाटत नाही, पहाटे जाग येते आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, जगून काय उपयोग असे विचार येतात, तर त्याच रात्री कुणाला तरी उठवा. रूममेटची झोपमोड होईल म्हणून गप्प राहू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही चालते. आणि तुमचा एखादा मित्र रोज चारला ‘जागाच आहे’ असं टाकत असेल, तर त्याला बदाम देऊन पुढे जाऊ नका. सकाळी चहाला बोलवा आणि विचारा, अभ्यासासाठी जागतोस की झोपच येत नाही? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि हा प्रश्न त्याला बहुतेक कुणी विचारलेला नसतो.

आज रात्रीपुरतं एवढंच करा. उद्या किती वाजता उठायचं ते ठरवा आणि पुढचे चौदा दिवस तीच वेळ ठेवा. त्यातून मागे आठ तास मोजा, झोपायची वेळ मिळेल. त्याच्या पाच मिनिटं आधी उद्याच्या कामांचा कागद लिहा. जो धडा राहिलाय तो त्यावर लिहा, समोर सकाळची वेळ टाका आणि दिवा बंद करा.